शेपटीच्या बाई

पाण्याच्या मशीनपाशी त्याने तिला गाठलं. ती कागदी पेला भरत होती आणि तो असा शेजारी येऊन उभा राहिला, जणू त्यालाही तहान लागली होती. तहान कसली, तोंडचं पाणी पळालेला माणूस तो. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, पण दाढी वाढलेली आणि शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं. शिंप्याच्या मुलाचं बटण चुकतं, तेव्हा घरात काय चाललं असेल ते वेगळं सांगायला नको.

"काकू, तुम्हीच ना बाबांसाठी बोलायला आलात?"

"हो. पण आपण खोलीत गेल्यावरच बोलू या. बाहेर घरच्या माणसांशी बोलायची मला परवानगी नसते."

"एकच मिनिट. बाबांसमोर पाय कापायचं नाव काढू नका. जखम साफ करणार आहेत, एवढंच सांगा. सर्जन काहीही म्हणू देत. पाय म्हटलं की ते नाही म्हणतील, आणि आज नाही म्हणाले की..." पुढचं त्याला म्हणता येईना. "सर्जननी मला सकाळीच सांगितलंय. विष वर चढतंय. आज नाही केलं तर माणूस हातचा जाईल."

"अरे, पण शुद्धीवर आल्यावर त्यांना कळणारच ना."

"तेव्हा जिवंत तर असतील. माझ्यावर चिडू देत, जन्मभर तोंड बघू नको म्हणू देत. चालेल मला. काकू, तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगतोय."

तो पाणी न पिताच निघून गेला. ती पेला धरून तशीच उभी राहिली. नियम तिला तोंडपाठ होते आणि नियमांत काही गुंता नव्हता. पण पोराचा जीव तुटत होता, तोही तिला दिसत होता. म्हातारा नाही म्हणाला तर मरणार, आणि त्याला नाही म्हणायला लावणारं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडणार. त्या 'आपल्या' शब्दाचा तिला मनस्वी राग आला. नियम मोडून हवा असला की माणसांना बरोबर हा शब्द आठवतो.

ही बाई कोण ते आधी सांगायला हवं. इस्पितळात तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर 'मराठी इंटरप्रिटर' असं लिहिलेलं होतं. शहरातल्या मराठी बायका मात्र तिला 'शेपटीच्या बाई' म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

लग्न होऊन ती इथे परदेशात आली तेव्हा तिचं इंग्रजी कॉलेजातलं होतं. म्हणजे निबंध फर्डा लिहिता यायचा आणि दुकानात मीठ मागताना घाम फुटायचा. पहिली नोकरी मिळाली एका हॉटेलच्या लाँड्रीत. तिथली सुपरवायझर ठेंगणी आणि भलतीच तोंडाळ. ती दिवसभर जे बोले त्यात मोठा शब्द एकही नसे. पिक अप, फोल्ड अप, पुट अवे, हरी अप, हँग ऑन, मूव्ह ओव्हर. सगळे शब्द पहिलीच्या पुस्तकातले, आणि दोन जोडले की अर्थ गायब. एकदा ओल्या टॉवेलांचा ढीग फळीवर बघून ती ओरडली, "आय वोन्ट पुट अप विथ धिस!" पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. हिने विचार केला, वर ठेवायचं नाही म्हणते आहे. सगळे टॉवेल उचलले आणि खाली फरशीवर नेऊन ठेवले. सुपरवायझरला म्हणायचं होतं, हे मी खपवून घेणार नाही. मग सुपरवायझरने जे ऐकवलं, ते कुठल्याच शब्दकोशात नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आज मी पण तिला उलट बोलून बसले."

नवरा गोदामात कामाला होता, मूळचाच थट्टेखोर. "बसलीस कुठे? तुम्हाला तर तिथे खुर्ची पण नाही म्हणालीस."

ती आधी हसली. मग हसता हसता थांबली, आणि पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून खुर्चीत बसली, यावेळी खरोखरच. बोलून बसले. खरंच की, बसले कुठे? उभ्याउभ्या बोलले. बोलून गेले म्हटलं असतं, तर गेले कुठे? बोलून टाकलं, बोलून घेतलं, बोलून दाखवलं. टाकलं कुठे, घेतलं काय, दाखवलं कुणाला? आपण जन्मभर हेच करत आलो. क्रियापदाला मागून एक शेपूट लावतो, आणि सगळा भाव त्या शेपटीत असतो. 'बोलून टाकलं' म्हणजे मोकळं वाटलं, 'बोलून बसले' म्हणजे आता निस्तरा. मग या लोकांनी शेपूट लावलं तर आपण का घाबरायचं?

त्या दिवसापासून तिने शब्दकोश बंद केला आणि माणसांचे हात बघायला लागली. कोण काय करताना 'ऑफ' म्हणतो, कोण काय सोडताना 'अप' म्हणतो. पुढे वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी तिने वर्ग सुरू केला. इस्पितळात झाडलोट करणाऱ्या, बेकरीत उभ्या राहणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळायला जाणाऱ्या बायका यायच्या. एकीला मालकिणीने आजींना 'लुक आफ्टर' करायला सांगितलं, तर ती नंतर बघू म्हणून आधी भांडी घासत बसली होती. दुसरी विचारायची, "बाई, कम राउंड म्हणजे गोल फिरून या?" ती म्हणायची, "गुंगी उतरताना माणूस बघितलाय का? आधी डोळे गोल फिरतात, मग माणूस परत येतो. ते कम राउंड. शब्द पाठ करू नका गं, काम बघा. शेपूट धरा, बैल आपोआप कळतो." तिथून ते नाव पडलं.

इस्पितळात ती आली ती वयाची चाळिशी उलटल्यावर, रीतसर परीक्षा देऊन. तिथे तिला कळलं की डॉक्टरांच्या लांबलचक शब्दांची भीती बाळगायचं कारण नाही. ते शब्द पुस्तकात सापडतात. वाईट बातमी कुणी त्या शब्दांत देतच नाही. वाईट बातमी येते ती याच बारक्या शब्दांतून. माणूस हळवा झाला की सोपं बोलतो, आणि डॉक्टरही माणूसच. 'पुल थ्रू' होईल का म्हणजे जगेल का, 'होल्ड ऑन' करा म्हणजे धीर धरा, 'स्लिप अवे' झाले म्हणजे गेले. असे शब्द आले की ती सावध व्हायची.

आणि तिथला नियम. इंटरप्रिटर ज्याचं बोलणं सांगते, त्याचा 'मी' होते. डॉक्टर म्हणाला "मी तपासतो", तर हिनेही "मी तपासतो" म्हणायचं. म्हातारी म्हणाली "माझं पोट दुखतं", तर हिचं पोट दुखायचं. मनचं घालायचं नाही, गाळायचं नाही. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं, कुणी कुणाला हळूच बोललं तरी, दोन्हीकडे पोहोचवायचं. आणि स्वतःचं काही म्हणायचं असेल, चूक दुरुस्त करायची असेल, तर तिथे 'मी' चालत नाही. "इंटरप्रिटर चूक दुरुस्त करू इच्छिते," असं परक्यासारखं म्हणायचं. दिवसभर असं बोलून ती घरी यायची आणि "मी दमले" म्हणायची, तेव्हा नवरा वर्तमानपत्राआडून विचारायचा, "कोण मी? पेशंट की डॉक्टर?"

आज मात्र थट्टा आठवायची तिची मनःस्थिती नव्हती. पेला टोपलीत टाकून ती खोलीत शिरली.

खोली लहान होती. पलंग, तीन खुर्च्या, खिडकीत औषधांचं यंत्र हळू आवाजात टिकटिकत होतं. पलंगावर म्हातारा शिंपी उशीला टेकून बसला होता. ताप होता, डोळे लाल होते. इस्पितळाचा सदरा अंगात, पण गळ्यात मापाची पट्टी. नर्सने काढायला सांगितली असणार आणि त्याने ऐकलं नसणार. पट्टीचं टोक तो बोटाभोवती गुंडाळत होता आणि सोडत होता. उजवा पाय चादरीबाहेर होता, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि पट्टीच्या वर कातडीचा रंग बदललेला दिसत होता.

म्हाताऱ्याचं कपडे मापात बसवून देण्याचं दुकान होतं. नवे कपडे नाहीत, लोकांच्या तयार कपड्यांची दुरुस्ती. साखरेच्या आजाराने पावलं बधिर झालेली. फरशीवर पडलेली टाचणी चपलेतून पायात घुसली आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा कळलं. मग घरगुती मलम, मग आज बघू, उद्या बघू. मुलाने विजेचं मशीन आणून दिलं होतं, ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. म्हातारा अजून पायमशीनच चालवत होता. पाय गेला तर शिंपी गेला, असं तो येणाऱ्या प्रत्येक नर्सला मराठीतच सांगत होता.

ती नियमाप्रमाणे पलंगाच्या मागच्या बाजूला, म्हाताऱ्याच्या खांद्याशी खुर्ची ओढून बसली. असं बसलं की डॉक्टर आणि पेशंट एकमेकांकडे बघतात, दुभाष्याकडे नाही. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"नमस्कार काका," ती म्हणाली. "इथे जे जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्ही भाषांत सांगेन. तुम्ही डॉक्टरांशी बोला, माझ्याशी नाही."

"बरं बाई," म्हातारा म्हणाला.

सर्जनबाई आल्या. उंच, केस पांढरे झालेल्या, आवाज मात्र मऊ. त्या पलंगाच्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या, उभ्या राहिल्या नाहीत, तेव्हाच तिने ओळखलं की आता मोठे शब्द येणार नाहीत.

आणि तसंच झालं. औषधांनी आपण हे 'होल्ड ऑफ' करायचा प्रयत्न केला, सर्जनबाई म्हणाल्या. तिने सांगितलं, "औषधं देऊन आम्ही हे थोपवून धरायचा प्रयत्न केला." पण आता ते वर सरकतंय. "पण आता ते वर चढत चाललंय." आपण 'पुट ऑफ' केलं तर ते सगळ्या शरीरात पसरेल. "आपण पुढे ढकललं तर ते अंगभर पसरेल." इथपर्यंत तिची जीभ रुळावर होती. म्हातारा सर्जनबाईंकडे बघत होता, पट्टी बोटाभोवती गुंडाळत होता.

सर्जनबाईंनी एक श्वास घेतला. "आय ॲम सॉरी. वुई हॅव टू टेक युअर लेग ऑफ. टुडे."

आता इंग्रजीचं एक बरं असतं, त्यात क्रिया आधी येते. आपल्याकडे आधी कशाला हात लावणार ते सांगावं लागतं, मग काय करणार ते. तिने तोंड उघडलं. तिच्या समोर तो पाय होता, आणि भिंतीपाशी तो चुकीचं बटण लावलेला शर्ट. शर्टाच्या आतली छाती श्वास घेत नव्हती.

"मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "आज आम्हाला पायातली जखम काढून टाकावी लागेल."

शब्द बाहेर पडले आणि तिला ते ऐकू आले. एकच शब्द जास्तीचा. भिंतीपाशी पोराने श्वास सोडला, तो खोलीभर ऐकू आला. सर्जनबाईंनी मान हलवली आणि नेहमीचं विचारलं. काकांनी काय समजून घेतलं ते त्यांच्या शब्दांत मला सांगायला सांगा. इथे सगळ्यांना असं विचारतात, समजलं का याची खात्री करायला.

तिने विचारलं. म्हाताऱ्याने मान वळवली आणि पहिल्यांदाच खांद्यावरून मागे, तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. गिऱ्हाईक मापात नसलेला कोट मापात आहे म्हणून सांगतं, तेव्हा शिंपी बघेल तसं.

आपण काय केलं ते तिला आता स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळी हा माणूस शुद्धीवर येईल, पांघरुणाखाली हात घालेल, आणि हात रिकाम्या चादरीवर पडेल. त्या वेळी ती घरी चहा घेत असेल. मुलगा इथे असेल. आणि बाप आठवत असेल, कोण काय म्हणालं होतं. जखम, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. पण दुसरीकडे हेही खरं होतं की आत्ता बोललं आणि म्हाताऱ्याने नाही म्हटलं, तर शुद्धीवर येणं-न येणं हा प्रश्नच उरणार नव्हता. इकडे आड तिकडे विहीर. वर्गातल्या बायकांना ती शिकवत असे की शेपूट धरा. आज शेपूट तिच्या हातात होतं आणि ते सोडून दिलं होतं तिनेच.

तिने हात वर केला. हाही नियमच. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

"इंटरप्रिटर चूक दुरुस्त करू इच्छिते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"काकू, नको," मुलगा हलकेच म्हणाला. "प्लीज. मारताय तुम्ही त्यांना."

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. तिने सर्जनबाईंकडे पाहिलं आणि त्याचं वाक्य, शब्दाला शब्द, इंग्रजीत सांगितलं. डोन्ट, प्लीज, यू आर किलिंग हिम. सांगताना तिची मान खाली गेली नाही. मुलाचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली असावी. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

सर्जनबाईंनी एकदा मुलाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. काय झालं ते त्या समजल्या असाव्यात. "गो ऑन," त्या म्हणाल्या.

ती म्हाताऱ्याकडे वळली. "काका, इंटरप्रिटरने चुकीचं सांगितलं. डॉक्टर जखम म्हणाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, मला फार वाईट वाटतं, तुमचा पाय कापून काढावा लागेल. आजच."

म्हाताऱ्याने बोटाभोवतीची पट्टी सोडवली, सरळ केली, आणि पुन्हा गळ्यात नीट घातली.

"कळलं होतं मला," तो म्हणाला. "टेक ऑफ म्हणाल्या त्या. क्लीन अप नाही म्हणाल्या."

मुलगा गर्रकन वळला. "बाबा, तुम्हाला इंग्रजी कुठे येतं?"

"येत नाही. पण माझ्या दुकानात गिऱ्हाईक दुसरं काय बोलतं? टेक इन म्हणजे कमरेत आत घे. लेट आउट म्हणजे शिलाई सोड. टेक अप, लेट डाउन, कट आउट. बाह्या नको असल्या की टेक ऑफ. कितीक कोटांच्या बाह्या टेक ऑफ केल्या मी. तोंडात टाचण्या धरून मान हलवायची आणि कात्री घ्यायची. बोलायला तू होतास की गल्ल्यावर." तो थांबला, दम लागला होता. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी बघत होतो, बाई काय करतात ते. तुम्ही बोलला नसता ना, तर मी नाहीच म्हणणार होतो. जखमेलासुद्धा. जे लोक खरं सांगत नाहीत त्यांच्या हातात मी कात्री देत नाही."

तिने हे सगळं सर्जनबाईंना सांगितलं. टेक इन, लेट आउट तसंच सांगितलं, ते सांगायला अर्थातच काही कष्ट पडले नाहीत. आपण नुकत्याच कुठल्या कड्यावरून मागे आलो ते तिच्या लक्षात येत होतं. एवढं होऊनही म्हाताऱ्याने हो म्हटलं नव्हतं.

"कुठून कापणार?" म्हाताऱ्याने विचारलं.

गुडघ्याखाली, सर्जनबाई म्हणाल्या. म्हाताऱ्याने गळ्यातली पट्टी काढली, गुडघ्यावर एक टोक धरलं आणि पट्टी नडगीवरून खाली सोडली. "दाखवा म्हणावं."

सर्जनबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. म्हातारा वाकून बघत राहिला. मुलाने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"एवढं ठेवून खालचं सगळं खराब आहे? नक्की?"

नक्की, सर्जनबाई म्हणाल्या. आणि गुडघा राहिला तर पुढे कृत्रिम पाय लावता येईल, चालता येईल. मशीन चालवता येईल की नाही, ते त्या सांगू शकत नव्हत्या, आणि तसं त्यांनी सांगितलं.

"मग मार्जिन पुरेसं धरा. कमी कापून पुन्हा कापायला येऊ नका. दोनदा कापलेलं अंगावर बसत नाही." म्हाताऱ्याने पट्टी गुंडाळली आणि उशीखाली ठेवून दिली. "कापा."

तिने सांगितलं. सर्जनबाई काही विचारणार तोच म्हाताऱ्याने हात वर केला, तिने केला होता तसाच.

"बाई, अजून एक आहे. ते यांना नाही सांगायचं. त्याला सांगा." त्याने हनुवटीने मुलाकडे खूण केली. "इंग्रजीत सांगा."

"काका, त्याला मराठी येतं."

"येतं. पण मराठीत मी त्याला आजवर फक्त रागावलोय. कात्री कुठे ठेवलीस, उशीर का झाला, एवढंच. मराठीत सांगितलं तर त्याला वाटेल आजपण रागावतोय. इंग्रजीत नीट सांगा."

नियमात असं काही नव्हतं. पण खोलीत जे बोललं जाईल ते सांगायचं, एवढं नियमात होतं. तिने मान हलवली. म्हातारा छताकडे बघत बोलू लागला आणि ती, त्याच्या खांद्याशी बसून, एकेक वाक्य उचलू लागली.

"मी घाबरलोय," म्हातारा म्हणाला.

"आय ॲम स्केअर्ड," ती म्हणाली. मुलाकडे बघत.

"आज कुठे जाऊ नकोस. शुद्धीवर येईन तेव्हा पहिला तू दिसला पाहिजेस."

"डोन्ट गो अवे टुडे. व्हेन आय कम राउंड, लेट मी सी यू फर्स्ट."

"आणि पाय नाही म्हणून मी रडलो, तर मला गप्प करू नकोस."

इथे तिला शेपूट शोधावं लागलं नाही. ते आपणहून आलं. "अँड इफ आय ब्रेक डाउन," ती म्हणाली, "लेट मी."

मुलगा भिंतीपासून हलला. पलंगाशी येईपर्यंत त्याचा चेहरा पूर्ण ओला झाला होता. खुर्ची होती, पण तो खाली फरशीवरच बसला आणि बापाचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचं मराठी घरातलं होतं, बापाशी चहा आणि किल्ल्यांपुरतंच वापरलेलं, पण उत्तर त्याने मराठीतच दिलं.

"बाबा, मी इथेच बसून राहीन. कुठे नाही जाणार. तुम्ही रडून घ्या. हवं तेवढं रडून घ्या."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळू लागलं, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

मुलाचं हे मराठी सर्जनबाईंना कळलं नव्हतं. थोडं थांबून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, मुलगा काय म्हणाला?

तिने तोंड उघडलं. बसून राहीन. रडून घ्या. दोन्ही वाक्यांचं इंग्रजी तिला येत होतं. मुलाचा 'मी' व्हायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच काम होतं. पण तिने बिल्ला मुठीत धरला आणि दुसरा हात वर केला.

"इंटरप्रिटरला," ती इंग्रजीत म्हणाली, "जरा वेळ हवा आहे."

सर्जनबाईंनी मान हलवली आणि त्या थांबल्या.